‘मानूस’ की माणूस?

रमजानच्या महिन्यात अनेक मुस्लिम घरांत होणारा एक बदल शेजाऱ्यांच्या लक्षात येत नाही. सहेरीची लगबग ऐकू येते, संध्याकाळी फळांच्या गाड्यांवरची गर्दी दिसते, मशिदीवरची रोषणाई दिसते. पण घरातली गाणी महिनाभर थांबलेली असतात, हे बाहेरून कळत नाही. सगळ्याच घरांत असे होते असे नाही. मात्र जुन्या वळणाच्या कुटुंबांत अजूनही चाँदरातीपासून टेपवर कापड पडते, ते ईदच्या दिवशीच उघडते. रोजा पोटाचा तसा कानाचा आणि जिभेचाही, अशी त्यामागची समजूत. वेळ कुराणपठणाला आणि तरावीहच्या नमाजाला द्यायचा, करमणूक नंतर आहेच.

मग ज्यांची मैत्रीच गाण्यांवर उभी आहे, अशा माणसांनी या महिन्यात काय करायचे? कल्याणच्या दूधनाका भागातील एका घरात जमणाऱ्या मंडळींनी यावर तोडगा काढला आहे. गाणी वाजवायची नाहीत, त्यांच्यावर भांडायचे.

इफ्तार आणि मगरिबची नमाज झाली की इशाच्या अजानपर्यंत जेमतेम सव्वा तास मिळतो. रमजानमधल्या दर रविवारी त्या सव्वा तासात पाच माणसे एकाच अल्बमवर वाद घालतात. नाव छापून येणे त्यांपैकी कोणालाच नको आहे, म्हणून ती एकमेकांना ज्या हाकेने बोलावतात तीच इथे वापरलेली बरी. घर मास्तरांचे. ते कोकणी मुसलमान, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. डोंबिवलीचे काका बँकेतून निवृत्त. शेठ उल्हासनगरचे, कापडाचे दुकान आता मुलाकडे. ठाण्याच्या ताई गाणे शिकवतात. आणि पाचवा मुंब्र्याचा पोरगा, वय सव्वीस, मास्तरांचा भाचा.

मास्तर, काका आणि शेठ यांची ओळख लोकलमधली. कल्याणहून व्हीटीला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत भजनी मंडळे टाळ घेऊन बसत, रमीचे डाव पडत, आणि दाराजवळच्या बाकावर हे तिघे गझलांवर बोलत. अल्बम तेव्हा नवा होता. आता तो चाळीस वर्षांहून जुना झाला, वाद मात्र मिटलेला नाही.

एक अल्बम, अनेक गावे

हा अल्बम म्हणजे १९८३ साली एचएमव्हीने काढलेला ‘मेराज-ए-गझल’. चाली गुलाम अली यांच्या, आवाज आशा भोसले आणि गुलाम अली यांचे. ‘मेराज’ म्हणजे वर चढणे, उंची गाठणे. प्रेषित मुहम्मद यांच्या स्वर्गारोहणाच्या रात्रीला ‘शब-ए-मेराज’ म्हणतात आणि ती रमजानच्या साधारण महिनाभर आधी, रजब महिन्यात पाळली जाते. अल्बमच्या नावात अर्थ एवढाच की ही गझलेची उंची आहे.

ते दिवस गझलेच्या भरतीचे होते. १९८१च्या ‘उमराव जान’मधील गझलांनी आशाताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला होता. १९८२च्या ‘निकाह’मधून गुलाम अलींचा आवाज घरोघरी गेला होता. जगजितसिंग, पंकज उधास यांच्या कॅसेटी स्टेशनबाहेरच्या दुकानांत टांगलेल्या असत. त्या गर्दीत हा अल्बम वेगळा ठरला तो निवडीमुळे. त्यात फैज आहेत, अहमद फराज आहेत, आणि सर्वाधिक रचना नासिर काझमी यांच्या आहेत.

पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या आशाताईंचे या अल्बममधील काम मराठी घरांत विशेष कौतुकाने ऐकले गेले. त्याला कारणही होते. १९६९मध्ये गालिबच्या स्मृतिशताब्दीला लताबाईंनी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत गालिब गायला होता. सुरेश भटांच्या गझला याच घराण्याच्या गळ्यातून मराठी माणसाच्या कानात बसल्या होत्या. काका म्हणतात, “उर्दू कळत नव्हती, पण गझल कळत होती. मतला कुठे संपतो, काफिया कुठे येणार, हे भटांनी आधीच शिकवून ठेवलं होतं.”

सूर काढून घेतल्यावर

एरवीच्या महिन्यांत या मंडळींची बैठक ताईंच्या घरी, ठाण्याला, असते. तेव्हा टेप लागतो आणि क्रमवारी जवळपास ठरलेली असते. पहिल्या नंबरावर ‘सलोना’वाली रचना. तिची चाल एकदा कानात शिरली की दिवसभर निघत नाही. मग ‘दयार-ए-दिल’. फैज तिसऱ्या-चौथ्या जागेवर असतात.

रमजानमध्ये मास्तरांच्या घरी नियम वेगळा. गझल ‘तहत’मध्ये म्हणायची. उर्दू मुशायऱ्यात कविता वाचण्याच्या दोन रीती आहेत. चालीवर म्हणणे म्हणजे तरन्नुम. सरळ, शब्दांवर जोर देत म्हणणे म्हणजे तहत-उल-लफ्ज, बोलीत नुसते तहत. वाद्य नाही, आलाप नाही, आशाताईंची जागा नाही. उरतात ते शब्द.

पहिल्या वर्षीच मंडळींच्या लक्षात आले की सूर काढून घेतले की क्रमवारी कोसळते. ‘सलोना’ थेट खाली गेली. तिच्यात गोडवा आहे, पण तहतमध्ये म्हटल्यावर ती दोन मिनिटांत संपते आणि मागे फार काही उरत नाही. ताईंना हे मान्य नव्हते. “चाल काढून गाण्याला मार्क द्यायचे म्हणजे मीठ काढून आमटी चाखायची,” असे त्यांनी सुनावले. गाण्यात लिहिलेले शब्द गाण्यासाठीच वेचलेले असतात, त्यांना कोरडे करून तोलणे अन्याय आहे, हा त्यांचा मुद्दा आजही कायम आहे आणि तो खोडून काढणे कोणाला जमलेले नाही.

पण ‘दयार-ए-दिल’ आपली जागा राखून राहिली, आणि सगळ्यात वर आली ती एरवी पाचव्या-सहाव्या क्रमांकावर रेंगाळणारी नासिर काझमींची दुसरी गझल. मंडळी तिला ‘सुराग’वाली म्हणतात. सुराग म्हणजे माग, खूण. हरवलेल्या दिवसांचा माग घेऊन कोणी तरी येते आणि निघून जाते, एवढाच तिचा विषय.

एका ओळीतले दोन खड्डे

याच गझलेच्या दुसऱ्या ओळीवरून काका आणि मास्तर यांच्यात जो वाद झाला, तो या पाच जणांत आता दंतकथेसारखा सांगितला जातो.

त्या ओळीत ‘मानूस’ असा शब्द येतो. काकांनी तीस वर्षे तो ‘माणूस’ असाच ऐकला होता. गायकाने ‘ण’चा ‘न’ केला असेल, हिंदीवाले करतातच, असे त्यांनी गृहीत धरले होते. आणि अर्थही चपखल लागत होता: कोणी एक विचित्र, अनोळखी माणूस येऊन गेला. मास्तरांनी तहतमध्ये ओळ म्हटली, काकांनी माणसावर दाद दिली, आणि मास्तर थांबले.

“काका, हा माणूस नाही. मानूस.”

“तेच ते.”

“तेच नाही. मानूस म्हणजे परिचित. सवयीचा. ज्याची ओढ वाटते असा.”

अर्थ उलटाच झाला. ओळीत नुसता अनोळखी मनुष्य नाही, तर ओळखीचा वाटणारा अनोळखी आहे. त्या दोन शब्दांच्या टकरीतच शेराची सगळी ताकद आहे. काका बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी पुढचा शब्द विचारला. “आणि त्या ओळीत तो हैराण करून गेला, तेही तसंच का?” तेही तसेच निघाले. मराठीत हैराण म्हणजे त्रासलेला, बेजार. उर्दूत ‘हैरान’चा पहिला अर्थ चकित. म्हणजे काकांच्या गझलेत एक विचित्र माणूस येऊन त्रास देऊन जात होता, आणि नासिर काझमींच्या गझलेत एक ओळखीचा अनोळखी येऊन थक्क करून जात होता.

मुंब्र्याचा पोरगा हसून हसून लोळला. पण मास्तर हसले नाहीत. मराठी आणि उर्दू यांच्यामध्ये असे खड्डे पुष्कळ आहेत, असे सांगून त्यांनी यादीच दिली. ‘तालीम’ उर्दूत शिक्षण, मराठीत आखाडा किंवा नाटकाचा सराव. ‘शिकस्त’ फारसीत पराभव, पण मराठी माणूस प्रयत्नांची शिकस्त करतो. ‘राजीनामा’ मुळात तडजोडीचा कागद, मराठीत नोकरी सोडण्याचा. ‘खुलासा’ उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. शब्द एकच, पण दोन घरांत वाढल्यामुळे स्वभाव बदललेला. ज्या शब्दांबद्दल आपल्याला खात्री असते तेच फसवतात, कारण अनोळखी शब्दाचा अर्थ आपण निदान विचारतो तरी.

मग त्यांनी काकांना दिलासाही दिला. ‘मानूस’ हा शब्द ‘उन्स’पासून आला. उन्स म्हणजे जिव्हाळा. आणि ‘इन्सान’ हा शब्दही याच उन्सपासून निघाला असावा, असे काही जुने अरबी कोशकार मानतात. दुसरे कोशकार म्हणतात की नाही, तो ‘निस्यान’पासून, म्हणजे विसरण्यापासून आला. जिव्हाळा लावणारा तो इन्सान, की विसरणारा तो इन्सान, हा वाद शतकानुशतके चालू आहे. मराठी ‘माणूस’ संस्कृतातून आलेला. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. “म्हणजे काका, तुम्ही चुकीच्या दारातून शिरलात,” मास्तर म्हणाले, “पण फार लांब गेला नाहीत.”

काकांनी ‘सुराग’ला आपले पहिले मत त्या दिवशी दिले.

शेठचे मत

शेठ मात्र त्या रविवारी काहीच बोलले नव्हते. त्यांचे मत एरवी फैजला असते, आणि ते का, असे कोणी विचारले तर “वजन आहे” एवढेच उत्तर मिळते.

नासिर काझमी यांचा जन्म १९२५चा, अंबाल्याचा. फाळणीत ते लाहोरला गेले आणि १९७२मध्ये तिथेच वारले. सुटलेले गाव, उठून गेलेली माणसे, रिकाम्या रात्री त्यांच्या कवितेत पुन्हा पुन्हा येतात. फाळणीवर थेट भाष्य क्वचितच असते, पण तिची सावली सगळीकडे असते. मास्तरांनी हे सांगितले ते पोराच्या माहितीसाठी. उत्तर शेठकडून आले.

शेठचा जन्म कल्याण कॅम्पातला. आजचे उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखाच्या आसपास निर्वासितांना त्या बराकींत जागा दिली गेली, आणि १९४९मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे उल्हासनगर वसवले गेले. शेठचे वडील शिकारपूरचे. सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहीत, हिशेबही तसाच ठेवीत. गावाबद्दल घरात कधी बोलत नसत. मुलांनी विचारले तर “आता दुकान बघा” म्हणत.

शेठ म्हणाले की हे गाणे त्यांनी शेकडो वेळा ऐकले आहे. दुकानात कॅसेट वाजायची, गिऱ्हाईक यायचे-जायचे. चाल इतकी सुरेख की शब्दांकडे लक्ष देण्याची गरजच पडली नाही. आज मास्तरांनी ते सपाट आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हटले, तेव्हा पहिल्यांदा जाणवले की हे आपल्या वडिलांबद्दल आहे. अंबाल्याहून लाहोरला गेलेल्या माणसाने लिहिलेले, शिकारपूरहून कल्याणला आलेल्या माणसाला लागू पडणारे.

त्यावर मुंब्र्याचा पोरगा म्हणाला की त्याच्या अब्बांनाही जुन्या चाळीबद्दल विचारलेले चालत नाही. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईच्या अनेक वस्त्यांमधून मुस्लिम कुटुंबे मुंब्रा-कौशात आली, त्यांतले एक त्याचे. तो स्वतः मुंब्र्यातच जन्मला. अब्बा मुंबईला कामाला रोज जातात, पण त्या गल्लीत पाऊल ठेवत नाहीत.

कोणी यावर काही जोडले नाही. इशाची अजान झाली, मास्तर आणि पोरगा नमाजाला उठले. त्या रविवारच्या वहीत पाचही मते ‘सुराग’ला पडल्याची नोंद आहे. ताईंनी आपल्या मतापुढे कंसात लिहिले आहे: ‘शब्दांसाठी. गाण्यासाठी नव्हे.’

जे गायलेच नाही

ताईंच्या आक्षेपाला वजन मिळाले ते पुढच्या रविवारी, आणि तेही मास्तरांमुळेच. उर्दूत गझलेतील सर्वांत उत्तम शेराला ‘बैतुलगझल’ म्हणतात. म्हणजे कोणता शेर श्रेष्ठ हा चाहत्यांचा वाद परंपरेने इतका गंभीरपणे घेतला आहे की त्यासाठी खास संज्ञाच आहे. मुशायऱ्यात जो शेर सगळ्यात जास्त दाद घेऊन जातो तो ‘हासिल-ए-मुशायरा’. मंडळींनी ठरवले, आता गाणे नको, एकेक शेर तोलू.

मास्तरांनी नासिर काझमींचे पुस्तक आणले आणि ‘सुराग’ पूर्ण वाचली. ती अल्बममध्ये आहे त्यापेक्षा बरीच लांब आहे. गायक चार-पाच शेर निवडतो, बाकीचे सोडतो. ही रीतच आहे. मास्तरांचे म्हणणे, सर्वोत्तम शेर गायलेलाच नाही. ताईंनी विचारले, “मग आपण चाळीस वर्षं कोणाला मार्क देतोय? कवीला की गायकाला?” गायक नुसता आवाज देत नाही, तो संपादन करतो. कोणते शेर ठेवायचे, कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दावर थांबायचे, हे त्याचे वाचन असते. गुलाम अलींनी काही शेर वगळले त्यालाही कारण असेल: एखाद्यात उच्चार जड, एखाद्यात भाव वेगळा. ताईंच्या मते शब्दांवर मत द्यायचे तर पुस्तकावर द्यावे, अल्बमवर द्यायचे तर सुरांसकट द्यावे. अधलेमधले काही नाही.

या मुद्द्यावर मंडळी दोन रविवार अडकली आणि अजून अडकलेलीच आहे.

लिपीचा उंबरठा

पुस्तक हाती आले की आणखी एक अडचण येते. ते वाचायचे कोणी? मास्तर उर्दू वाचतात. शेठ सिंधी लिपीच्या बळावर अडखळत वाचतात. पोरगा कुराणासाठी अरबी अक्षरे शिकला, पण इंग्रजी शाळेत गेल्यामुळे उर्दू वाचताना दमतो. काका आणि ताईंना देवनागरीचाच आधार.

हा उंबरठा ओलांडण्यासाठी महाराष्ट्रात काम झालेले आहे. फारसी शिकवणाऱ्या माधव जूलियन यांनी फारसी-मराठी कोश रचला आणि १९३३मध्ये ‘गज्जलांजली’ प्रसिद्ध केली. सेतुमाधवराव पगडींनी गालिब मराठीत समजावून दिला. नागपूरच्या डॉ. जरीना सानी आणि डॉ. विनय वाईकर यांनी ‘आईना-ए-गझल’ हा कोश केला. तो गझल ऐकणाऱ्या पण उर्दू न वाचणाऱ्या माणसासाठीच आहे. २०१७मध्ये डोंबिवलीत ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष अक्षयकुमार काळे यांनी गालिबच्या उर्दू कवितेवर मराठीत मोठा ग्रंथ लिहिलेला आहे. काका ते संमेलन पाहायला रोज गेले होते, पण ‘मानूस’चा अर्थ विचारण्याची गरज तेव्हा त्यांना वाटली नव्हती.

देवाणघेवाण एकाच दिशेने झालेली नाही. सांगलीत जन्मलेल्या आशाताई उर्दू गझल गायल्या, आणि त्याच जिल्ह्यातील दुधगावच्या इलाही जमादारांनी आयुष्यभर मराठीत गझल लिहिली. भीमराव पांचाळे यांच्या गळ्यातून ती गावोगावी पोहोचली. २०२१मध्ये इलाही गेले, तेव्हा काकांनी त्यांच्या काही गझला मास्तरांना वाचून दाखवल्या, अडलेल्या मराठी शब्दांचे अर्थ सांगत.

अल्बममधील नासिर काझमी, फैज, फराज पाकिस्तानचे. गुलाम अलीही तिकडचे. ऑक्टोबर २०१५मध्ये मुंबईत ठरलेला त्यांचा कार्यक्रम विरोधामुळे रद्द झाला, तेव्हा शेठनी तिकिटासाठी काढून ठेवलेले पैसे परत कपाटात ठेवले. वाद त्यावरही झाला असता. पण त्या विषयावर मंडळी बोलत नाहीत. दोघांची मते वेगळी आहेत आणि ती सगळ्यांना माहीत आहेत.

यंदाच्या रमजानसाठी पोराने एक काम अंगावर घेतले आहे. अल्बममधील सर्व रचनांतले अवघड शब्द देवनागरीत लिहून, पुढे मराठी अर्थ देऊन, तो मोबाइलवर सगळ्यांना पाठवतो. त्याच्या पिढीला गाणी सुटी सुटी मिळतात, अल्बम म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागले होते. आता रोज पाच शब्द येतात. जिथे मराठी आणि उर्दू शब्द सारखा पण अर्थ वेगळा, तिथे तो लाल खूण करतो. लाल खुणांची संख्या त्याच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली आहे. ‘मानूस’समोर त्याने ‘परिचित, ओढ वाटणारा’ असे लिहिले होते. काकांनी खाली उत्तर पाठवले की अर्थ बरोबर आहे, पण ‘माणूस’ही राहू दे, कंसात.

मास्तरांनी परवानगी दिली आहे. ताईंचा निर्णय ईदनंतर कळेल, ठाण्याला टेप लागल्यावर.